शिरूर, १९९४: विरोध झाला, पण कुणाच्या तोंडून?

फेब्रुवारी १९९४. शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या 'मतिमंद मुलीं'ची (शब्द तेव्हाचा, त्यांत सज्ञान बायकाही होत्या) गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात काढली जात होती. कारण काय, तर पाळीतली स्वच्छता! महिला संघटनांनी जाहीर विरोध केला, तेव्हा कुठे हे थांबलं. संमतीशिवाय वंध्यत्व आणणाऱ्या उपचारांना कायद्याने स्पष्ट मनाई व्हायला मात्र २०१६ उजाडलं.

मानसिक आरोग्याच्या चळवळींवर काम करणार असाल, तर हे प्रकरण वाचाच. वाचताना बघा, कोण बोलतंय: डॉक्टर, अधिकारी, कार्यकर्त्या. त्या बायकांना कुणी विचारलं? माझ्या पहिल्या टिपणाचं शीर्षक होतं 'आंदोलनाचा विजय'. ते मी खोडलं. विरोध पोहोचेपर्यंत काहीजणींवर शस्त्रक्रिया होऊन गेली होती.