नाकामुराचा शिधा

२ सप्टेंबर १९४५, सकाळचे सहा. टोकियोहून दक्षिणेकडे निघालेल्या गाडीत तुम्ही अंग चोरून शिरता. तुमचं नाव विल्फ्रेड बर्चेट, वय ३३, माणूस ऑस्ट्रेलियाचा, चाकरी लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस'ची. आज टोकियोच्या उपसागरात 'मिसूरी' या युद्धनौकेवर जपानच्या शरणागतीच्या सह्या व्हायच्या आहेत आणि देशात उतरलेले बहुतेक सगळे परदेशी बातमीदार तिकडे धावले आहेत. तुम्ही उलट्या दिशेला निघालात. चार आठवड्यांपूर्वी हिरोशिमावर एकच बॉम्ब पडला आणि शहर गेलं, एवढं सगळ्या जगाला ठाऊक आहे. प्रत्यक्ष जाऊन पाहावं, असं मात्र फारसं कुणाच्या मनात आलेलं नाही.

सामान बेताचंच आहे. एक काळी छत्री, छोटा टाइपरायटर, उपयोगी जपानी वाक्यांचं पुस्तक, एक पिस्तूल आणि शिधा. त्या शिध्यातला एक वाटा तुमचा नाही. 'दोमेई' या जपानी वृत्तसंस्थेच्या टोकियोतल्या कचेरीत तुम्ही हिरोशिमाचं नाव काढलंत तेव्हा तिथली माणसं चपापली. तिकडे कोणी जात नाही, तिकडे माणसं मरताहेत, असं त्यांनी परोपरीनं सांगितलं. तुम्ही हटेनात, तेव्हा सौदा ठरला. हिरोशिमात त्यांचा नाकामुरा नावाचा बातमीदार आहे, त्याच्याकडे खायला काही उरलेलं नाही. त्याला अन्न पोचवायचं. बदल्यात तो तुमचा मजकूर मोर्सनं टोकियोला धाडील. बर्चेटच्या धाडसाचं कौतुक पुष्कळ झालं आहे. मला मात्र या सगळ्या प्रवासाची मेख त्या शिध्यात दिसते.

डब्यात घरी परतणारे सैनिक आहेत. कालपर्यंत तुम्ही त्यांचे शत्रू, त्यामुळे सुरुवातीला नुसते वटारलेले डोळे. तुम्ही सिगारेटी पुढे करता. ब्रह्मदेशात जपानी विमानाच्या गोळीबारात झालेल्या जखमेचा वण दाखवता, मग टाइपरायटरकडे बोट करता: मी शिपाई नव्हे, लिहिणारा आहे. हळूहळू वातावरण निवळतं. भाषा येत नसताना वण कामाला येतो, हे कुठल्याही पत्रकारितेच्या वर्गात शिकवत नाहीत.

पुढच्या डब्यात हे चालत नाही. तिथे अधिकारी बसले आहेत, कमरेला लांब तलवारी. ज्या शरणागतीकडे पाठ फिरवून तुम्ही निघालात ती त्यांच्या जिव्हारी लागलेली आहे. पहाऱ्यात प्रवास करणारा एक अमेरिकी पाद्री तुम्हाला दबक्या आवाजात बजावतो, की काहीही करा, पण हसू नका. तुम्ही हसलात तर ही माणसं समजतील, आमच्या फजितीवर हसतोय. परक्या माणसानं सभ्यपणा म्हणून ओठांवर ठेवायचं ते हसू इथे जिवावर बेतू शकतं. तासन् तास तुम्ही चेहरा कोरा ठेवून बसता. बाहेर अंधार पडतो. गाडी थांबेल तिथे पुस्तकातलं एकच वाक्य वापरायचं: हे स्टेशन कोणतं?

रात्री दोनच्या सुमाराला उत्तर येतं, हिरोशिमा.

उतरताच दोन पहारेकरी तुम्हाला ताब्यात घेऊन रात्रभर अडकवून ठेवतात. त्यांना वाटतं, हा निसटलेला कैदी असावा. उजाडल्यावर तुम्ही नाकामुराच्या नावाचं पत्र पुढे करता आणि मग कुठे सुटका होते. नाकामुरा येतो. शिधा त्याच्या हाती पडतो.

त्याच्याबरोबर तुम्ही चालू लागता. ढिगारे म्हणावेत तर तेही फार उंच नाहीत. सगळं सपाट, राखाडी, मध्येमध्ये काँक्रीटच्या चारदोन इमारतींचे सांगाडे. इतर ठिकाणच्या बाँबहल्ल्यांनी सवय लावली होती की भिंती उभ्या राहतात, जिने लोंबतात. इथे त्यातलं काही नाही. हवेत विचित्र वास आहे. वाटेत भेटणारी माणसं तुमच्याकडे पाहतात आणि निघून जातात.

फुकुया नावाच्या मोठ्या दुकानाची इमारत उभी राहिली आहे, पोलिसांनी तिथेच कचेरी थाटलेली. तुम्ही का आलात हे नाकामुरा सांगू लागतो, तशी खोलीतली हवा तापते. आवाज चढतात. तुम्हाला अवाक्षर कळत नाही, पण नाकामुराचा उतरलेला चेहरा कळतो. नंतर तो सांगतो, तुम्हाला ठार करावं असं त्यातल्या काहींचं म्हणणं होतं. तिथल्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यानं, आणि तोही विचारांवर पाळत ठेवणाऱ्या कुप्रसिद्ध पोलीस खात्यातला, निवाडा दिला, की याच्या लोकांनी काय केलंय ते याला दाखवा. गाडीही त्यानंच दिली.

रुग्णालयात माणसं चटयांवर पडली आहेत आणि प्रत्येकाभोवती घरची माणसं बसली आहेत. अंगावर जांभळे डाग, हिरड्यांतून आणि नाकातून रक्त, केस गळून डोक्याभोवती पसरलेले. यांतल्या कित्येकांना त्या दिवशी साधं खरचटलंही नव्हतं. डॉक्टर कात्सुबे सांगतात, आधी आम्ही भाजल्यावरचे उपचार केले, मग जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, तर सुई टोचली तिथलंच मांस सडू लागलं. हा कसला आजार, हे त्यांना ठाऊक नाही. हे ज्यांनी केलं त्यांनी आपले शास्त्रज्ञ पाठवावेत, एवढीच त्यांची मागणी आहे. मग ते तुम्हाला निघायला सांगतात. नातेवाइकांच्या नजरा तुमच्यावर खिळल्या आहेत. यापुढे तुमच्या जिवाची हमी देता येणार नाही.

तुम्ही ढिगाऱ्यातल्या एका तुकड्यावर बसून टाइपरायटर मांडीवर घेता.

त्याच दिवशी अमेरिकी लष्करानं विमानानं आणलेली पत्रकारांची एक तुकडीही शहरात येते. अधिकारी दाखवतील ते पाहायचं आणि परतायचं, असा त्यांचा खाक्या. तुमचा मजकूर टोकियोपर्यंत नेण्याची विनंती तुम्ही करून पाहता, नकार येतो. उरतो नाकामुरा. तो हातानं मोर्सची कळ दाबत एकेक अक्षर टोकियोला पाठवतो, तिथून ते योकोहामाला तुमचा सहकारी हेन्री कीज याच्यापर्यंत पोचतं, आणि लढाई संपली आता सेन्सॉर कसला, असा वाद घालून कीज ते लंडनला पुढे सरकवतो. ५ सप्टेंबरला 'डेली एक्स्प्रेस'च्या पहिल्या पानावर 'अणूची साथ' अशा अर्थाचा मथळा झळकतो. खाली नाव छापतात पीटर बर्चेट. तुमचं नाव तुमच्याच वर्तमानपत्राला धड लिहिता आलेलं नाही.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. हिरोशिमात सर्वांत आधी पोचलेला बातमीदार म्हणून बर्चेटचं नाव घेतात, पण हवाईत जन्मलेला जपानी वंशाचा लेस्ली नाकाशिमा ऑगस्टमध्येच तिथे आईला शोधत गेला होता, आणि त्याचं वार्तापत्र ३१ ऑगस्टला 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये छापूनही आलं होतं. गोरा चेहरा असला की साक्ष वजनदार ठरते, हा पाश्चात्त्य वर्तमानपत्रांचा जुना रोग. दुसरा दाखला नागासाकीचा. जॉर्ज वेलर हा अमेरिकी बातमीदार याच सप्टेंबरात तिथे गेला आणि त्यानं आपला मजकूर रीतसर अमेरिकी सेनापती मॅकआर्थरच्या सेन्सॉरकडे धाडला. तो तिथेच जिरला. वेलर वारल्यावर त्याच्या मुलाला कार्बनप्रती सापडल्या आणि २००६मध्ये त्यांचं पुस्तक झालं. वेलरचा दोष एवढाच, की त्यानं सेन्सॉरचा नियम पाळला.

७ सप्टेंबरला टोकियोच्या इम्पीरियल हॉटेलात पत्रकार परिषद आहे. अणुबॉम्ब प्रकल्पातले जनरल फॅरेल सांगतात, बॉम्ब उंचावर फुटला, जमिनीत किरणोत्सर्ग उरलेला नाही. प्रवासानं मळलेल्या कपड्यांतच तुम्ही उभे राहता: मग नदीत अजून मासे का मरताहेत? उत्तर मिळतं, तुम्ही जपानी प्रचाराला बळी पडलात.

त्यानंतर तुम्हाला तपासणीसाठी अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात नेतात. बाहेर पडता तेव्हा हिरोशिमाची फिल्म असलेला कॅमेरा गायब झालेला असतो आणि बातमीदारीचा परवाना काढून घेतल्याचं कळतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी भरल्या आहेत. गुडघ्याला संसर्ग झाला होता, त्याच्यावरच्या औषधांमुळे असेल, असं डॉक्टर म्हणतात. संसर्गात पांढऱ्या पेशी वाढायला हव्यात, हे तुम्हाला पुष्कळ वर्षांनी कोणीतरी सांगतं.