पाच पैशांचा पुरावा

मुंबई-आग्रा रस्त्यालगतचे, भिवंडी तालुक्यातले मानकोली आज गोदामांसाठी ओळखले जाते. अशा गावांच्या बखरी कोणी लिहिल्या नाहीत. त्यांचा मागचा काळ सातबाऱ्यात आणि घरोघरच्या जुन्या पत्रांत शोधावा लागतो. अशा पत्रांत १९७१ च्या अखेरचे एखादे चमत्कारिक पाकीट निघू शकते. त्यावर नेहमीच्या तिकिटाशेजारी कुटुंबनियोजनाचे पाच पैशांचे तिकीट असते आणि त्या तिकिटावर इंग्रजीत ‘रिफ्युजी रिलीफ’ असा ठसा असतो. हा ठसा दिसताच लोक तिकिटाची किंमत विचारतात. पण पाकिटाची खरी ओळख पटते ती हशील, तारीख आणि पत्ता यांचा मेळ बसतो का, हे पाहिल्यावर.

मार्च १९७१ नंतर पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. त्यांच्या खर्चासाठी सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा जादा कर बसवला आणि तो ३१ मार्च १९७३ पर्यंत चालू ठेवला. साध्या लिफाफ्याला वीस पैसे लागत, ते आता पंचवीस झाले. निर्वासितांचे चित्र असलेले खास तिकीट १ डिसेंबरला आले. तोवर चालू तिकिटांवर ठसा उमटवून काम भागवले गेले. काही शहरांत हा ठसा स्थानिक पातळीवरच मारला गेला, म्हणून त्याच्या अक्षरांची ठेवण ठिकठिकाणी वेगळी दिसते. नोव्हेंबरच्या उत्तरार्धातली तारीख आणि पंचवीस पैशांची बेरीज जुळली, तर पाकिटाच्या बाजूने भक्कम साक्ष मिळते.

यावर कोणी म्हणेल, ठसा तर नंतरही मारता येतो. शंका रास्त आहे, आणि म्हणूनच तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नये. टपालाचा तारीखशिक्का तिकिटावरून पाकिटाच्या कागदावर उतरलेला असतो. त्याची शाई ठशाच्या वर आहे की खाली, हे भिंगातून पाहता येते. पिनकोडही उपयोगी पडतो. श्रीराम भिकाजी वेलणकरांची ही योजना १५ ऑगस्ट १९७२ ला लागू झाली. तेव्हा मूळ पत्त्यातच पिनकोड असेल, तर १९७१ ची तारीख संशयास्पद ठरते. मात्र पिनकोड नसल्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण पुढेही अनेक वर्षे लोक तो लिहीत नसत.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ठसा पत्र टाकलेल्या शहराचा. त्यातून मानकोलीचे काय कळणार? ठशातून काही कळत नाही, हे मान्यच करावे लागेल. पण पत्ता आणि मागचा पोच-शिक्का मिळून पत्र कोणत्या टपाल कचेरीतून गावात आले, ते सांगतात. आतला मजकूर गावातला माणूस कुठे कामाला होता, हेही सांगू शकतो. सुटे तिकीट सरकारचा निर्णय सांगते. अखंड पाकीट तो निर्णय कोणत्या घरापर्यंत पोचला ते दाखवते. म्हणून पाकीट आणि पत्र एकत्र जपावे, आणि नाती सांगणारी वडीलधारी माणसे आहेत तोवर पत्रातल्या व्यक्ती कोण, ते वेगळ्या कागदावर लिहून ठेवावे.