बिऱ्हाड कोठे करावे?
मुंबईतील गोमंतकीय महाजन कुटुंबांच्या वस्तीचा इतिहास

देवांच्या स्थलांतराची कथा महाजन कुटुंबांतील मुलांस लहानपणीच ऐकावयास मिळते. साष्टीत पोर्तुगीज धर्मसत्तेचा जाच वाढला तेव्हा कुशस्थळीचे श्रीमंगेश इ. स. १५६० मध्ये अघनाशिनीपार प्रियोळास आले. केळशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची श्रीम्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचे श्रीरामनाथ बांदिवड्यास गेले. या कथेत संकट व सुटका यांचे वर्णन नेहमी येते, पण जागेच्या निवडीचा विचार सहसा होत नाही. त्या काळी अनेक कुटुंबे गोकर्ण, होन्नावर, मंगळूर अशी दूर दक्षिणेस निघून गेली. देव मात्र तेवढे दूर नेले नाहीत. अंत्रुज महाल तेव्हा विजापूरच्या आदिलशाहीत होता, म्हणजे पोर्तुगिजांच्या हुकमतीबाहेर. आणि तरीही तो नदीच्या दुसऱ्याच तीरावर होता. मागे राहिलेल्या माणसास होडीने ओलांडून दर्शनास जाता येईल, इतकाच. सत्तेपासून दूर व माणसांपासून जवळ अशी ही जागा ज्यांनी हेरली, त्यांची नावे आज कोणास ठाऊक नाहीत.

पुढे तीन शतकांनी याच महाजनांच्या वंशजांस जागा शोधण्याचा प्रसंग आला तो वेगळ्या कारणाने. १७६३ मध्ये अंत्रुज पोर्तुगिजांकडे गेला खरा, पण तोपर्यंत धर्मच्छळाचा पहिला आवेश ओसरला होता व देवस्थाने सुरक्षित राहिली. अडचण होती ती उपजीविकेची आणि विद्येची. सरकारी चाकरीची दारे हिंदूंस बहुतांशी बंद होती, आणि शाळेची भाषा पोर्तुगीज. १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आले तेव्हा हिंदूंस समान हक्क मिळाले, परंतु तोवर मुंबईची वाट चांगली मळली होती.

मुंबईशी असलेला संबंध त्याहून जुना आहे. वाळकेश्वराचे देवालय १७१५ मध्ये पुन्हा उभारले ते रामा कामती या सारस्वत गृहस्थाने. पुढे कान्होजी आंग्र्यांशी संधान बांधल्याच्या आरोपावरून कंपनी सरकारने त्यास कैदेत टाकले, ही कथा निराळी. एकोणिसाव्या शतकात मांद्र्यासारख्या खेड्यात जन्मलेले डॉ. भाऊ दाजी लाड बालपणीच वडिलांबरोबर मुंबईस आले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाले आणि त्या शहराचे भूषण ठरले. अशी उदाहरणे गावोगाव सांगितली जात आणि तरुण मंडळी आगबोटीची वाट धरीत.

एकटा पुरुष मुंबईस जाई तेव्हा वस्तीचा प्रश्न फारसा पडत नसे. कोणा आप्ताच्या खोलीत पथारी, दोन वेळा खाणावळ आणि दिवसभर कोटातील पेढी किंवा कचेरी, एवढ्यावर त्याचे भागे. खरा प्रश्न उभा राही तो कुटुंब आणण्याचे ठरल्यावर. बिऱ्हाड कोठे करावे? ज्याने शहर पाहिले होते त्याने निवड करावयाची, आणि जिने ते पाहिले नव्हते तिने त्या निवडीत आयुष्य काढावयाचे, असा हा व्यवहार होता. आगबोटी पावसाळ्यात बंद राहत. पुढे शाळांचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊ लागले तेव्हा मुलाबाळांसह यावयाचे तर वैशाखातच निघावे लागे. एकदा आल्यावर चार महिने माघारीचा सागरी मार्ग नसे. १८८० नंतर मुरगावाहून घाट चढणारी रेल्वे झाली, पण तो फेरा लांबचा होता.

बहुतेकांनी गिरगाव निवडले. ‘आपली माणसे तेथे होती म्हणून’ असे याचे कारण सांगण्याची पद्धत आहे, आणि ते अर्धेच खरे आहे. आपली माणसे तेथे का जमली, हा प्रश्न त्याने सुटत नाही. गिरगाव कोटापासून पायी जाण्याजोगे होते. घोड्यांची ट्राम १८७४ मध्ये व विजेची १९०७ मध्ये सुरू झाली, तरी रोजचे भाडे वाचविणाऱ्या कारकुनास चालणेच परवडे. घरच्या स्त्रीच्या दृष्टीने पाहिले तर हिशेब याहून नेमका होता. भुलेश्वरचा भाजीबाजार जवळ, ठाकूरद्वारचे राम मंदिर जवळ, मुलांची मराठी शाळा गल्ली ओलांडली की आली. श्राद्धपक्षास बाणगंगा, आणि तेथेच कवळे मठ. ज्या स्त्रीला शहराची भाषा अर्धवट येत होती आणि ट्राममध्ये एकटीने चढण्याची सवय नव्हती, तिचे जग पायांच्या टप्प्याएवढे होते. गिरगावात त्या टप्प्यात संसारास लागणारे बहुतेक सारे बसत असे.

एक गोष्ट स्मरणिकेच्या पानावर लिहावयास थोडी अवघड वाटते, पण तिच्यावाचून हा इतिहास खरा होणार नाही. ती मासळीची. मालक शाकाहारी असेल, शेजार कर्मठ असेल, तर सारस्वत कुटुंबास खोली मिळणे कठीण जाई, आणि मिळाली तरी सोमवार-एकादशी सोडून उरलेल्या दिवशी चुलीवर काय शिजते याची चौकशी होई. म्हणून वाडीत शिरण्यापूर्वी अनुभवी माणूस एवढेच पाही की सकाळी कोळीण टोपली घेऊन कोणत्या जिन्याशी थांबते. ती थांबत असेल तर तेथे आपले कोणी तरी राहत आहे, किंवा राहू शकेल.

चाळीतील दहा बाय बाराची खोली, पुढे सामाईक सज्जा, मजल्याच्या टोकास नळ व शौचकूप. ज्या घरात मागील दारी विहीर आणि पुढे तुळशीवृंदावन होते तेथून आलेल्या बाईस पहिले काही महिने नळाच्या वेळा पाळण्यातच जात. पण सज्जा हाच तिचा आधारही ठरे. कोकणी बोलणारी दुसरी बाई चार दारे सोडून असे. बाळंतपण, आजारपण, अडीअडचणीस उसने तांदूळ, सारे त्या सज्जातून चाले. मुले मात्र त्याच सज्जात मराठी खेळू लागली. घरात कोकणी, दारात मराठी, शाळेत पुढे इंग्रजी, ही तिहेरी रीत तेथेच पक्की झाली.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे रोगी आढळले. हा प्लेगच होय असे ओळखणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस हे बार्देशातील हडफड्याचे, म्हणजे गोमंतकीयच. प्लेगने दाट वस्तीचे भय प्रथमच डोळ्यांसमोर आणले. अनेक कुटुंबे गावी परतली, आणि परत येताना त्यांच्या मनात नवा प्रश्न होता: जवळपणा हवा, पण दाटी नको, ते कसे साधावे? १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने नवे रस्ते काढले, काही भाग मोकळे केले आणि बांधकामासाठी भूखंड दिले. गावदेवी हा त्यांपैकीच एक भाग. तेथे १९१५ मध्ये श्री. श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. हे बंधू कानडा मुलखातील चित्रापूर मठाचे अनुयायी. त्यांनी जे केले ते साधे होते, पण आधी कोणास सुचले नव्हते: जागा शोधण्याचे काम एकेका कुटुंबावर न टाकता सर्वांनी मिळून शेजारच निर्माण करावयाचा. गोमंतकीय मंडळींनी हा धडा गिरविण्यास उशीर केला, असे म्हणण्यास जागा आहे. ज्याच्या त्याच्या ओळखीने ज्याला त्याला खोली मिळत होती आणि त्यात समाधान होते.

संस्था आल्या त्या वस्तीच्या मागून. सारस्वत बँक १९१८ ची, गोवा हिंदू असोसिएशन १९१९ ची. त्या उभ्या राहिल्या तेव्हा गिरगाव भरून गेले होते, आणि पुढील पिढीची पावले दादरकडे वळू लागली होती. दादर-माटुंग्याचा मोकळा भाग ट्रस्टने आखला, हिंदू कॉलनी वसली, १९२५ मध्ये पुढे शिवाजी पार्क म्हणून प्रसिद्ध झालेले मैदान खुले झाले. १९२८ मध्ये कुलाबा-बोरिवली मार्गावर विजेच्या गाड्या धावू लागल्या आणि पार्ले खेडे राहिले नाही. तेथे १९२१ पासून पार्ले टिळक विद्यालय होते. दादरात किंग जॉर्ज हायस्कूल, म्हणजे पुढचे राजा शिवाजी विद्यालय, आणि १९४० पासून बालमोहन विद्यामंदिर. शाळेचे नाव आता पत्त्याच्या आधी येऊ लागले.

या नव्या वस्त्यांत उजेड होता, स्वतंत्र नळ होता, कोठे कोठे अंगणही होते. तरी गिरगाव सोडताना वाद होत, आणि ते बहुधा वडीलधाऱ्या स्त्रियांकडून होत. त्यांचे म्हणणे हट्टाचे समजले जाई. वास्तविक पुरुषास गाडीत पाऊण तास अधिक, एवढाच फरक होता. सासूस मात्र बाणगंगा, मठ, सज्जातील मैत्रिणी आणि कोकणी हे सारे एकदम अंतरत होते. मोकळी हवा व एकटेपण यांतून तिने काय निवडले असते, हे तिला क्वचितच विचारले गेले. पुढे वडाळ्यास राममंदिर व द्वारकानाथ भवन उभे राहिले, गणेशोत्सव होऊ लागला, तेव्हा ती उणीव काहीशी भरून निघाली.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने हा खेळच बदलला. भाडी गोठली, ज्यांच्याकडे खोली होती त्यांस ती सोडवेना, आणि जे नव्याने आले त्यांस पागडीवाचून ती मिळेना. एकाच कुटुंबातील थोरला भाऊ गिरगावात नाममात्र भाड्यात आणि धाकटा गोरेगाव वा डोंबिवलीस, असे चित्र दिसू लागले ते यामुळे. आता निवड आवडीची राहिली नव्हती. कोणत्या वर्षी शहरात पाऊल ठेवले यावर ती ठरू लागली. नंतरच्यांनी चिकाटीने आपली वाट काढली. दूरच्या उपनगरांत त्यांनी सहकारी गृहसंस्था केल्या, आणि तालमकींचा धडा चाळीस वर्षांनी गिरविला गेला.

१९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. त्याआधीच्या काही वर्षांत आर्थिक नाकेबंदीमुळे जत्रेस जाणेही दुष्कर झाले होते. मुंबईतील महाजनांनी गावाकडे पाठ फिरवली नाही याचे मोल त्या वर्षांत कळले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. आगबोट गेली, पण मांडवी एक्सप्रेस दादरला थांबते, ठाण्याला थांबते, पनवेललाही थांबते. डोंबिवलीकर महाजनास जत्रेसाठी आता बोरीबंदर गाठावे लागत नाही. उपनगरात घर पाहताना ‘गोव्याची गाडी कोठून धरता येईल’ हा प्रश्न वयस्क मंडळी अजून विचारतात, आणि दलाल त्याचे उत्तर तयार ठेवतो.