चुलीतून धूर का येतो? कमी सरपणात आणि जिवाला धोका न होता चूल कशी वापरायची?

सकाळचा चहा गॅसवर, भाकरी मात्र चुलीवर. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सिल्लोड, सोयगाव किंवा पैठणकडच्या गावांत गेलात तर असं घर शोधावं लागत नाही. ओट्यावर सिलिंडर असतो, मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये चूल असते आणि भिंतीलगत पऱ्हाटीचा ढीग. अंघोळीचं पाणी, हरभऱ्याची डाळ, पाहुणे आल्यावरचं मटण हे सगळं अजून चुलीकडेच जातं.

कागदावर मात्र चूल कधीच मागे पडली आहे. उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि आतापर्यंत देशात १० कोटींहून जास्त गॅस जोडण्या दिल्या गेल्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातली सुमारे ८० टक्के कुटुंबं स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरतात. पण या आकड्यात एक गोम आहे. घरातलं मुख्य इंधन कोणतं, एवढंच त्यात मोजलं जातं. गॅस आणि चूल दोन्ही असलेलं घर 'स्वच्छ'च्या रकान्यात जाऊ शकतं, आणि चुलीसमोर रोज तासभर बसणारी बाई त्या आकड्यात दिसत नाही.

उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांना ऑक्टोबर २०२३ पासून सिलिंडरमागे ३०० रुपये अनुदान मिळतंय. तरीही शेतातून फुकट येणाऱ्या पऱ्हाटीशी सिलिंडरची स्पर्धा होऊ शकत नाही. त्यामुळे 'चूल सोडा' असं सांगून विषय संपत नाही. चूल पेटणारच असेल, तर ती कशी पेटवायची?

धूर नेमका कशाचा?

लाकूड थेट जळत नाही. ते तापलं की त्यातून आधी वायू बाहेर पडतात आणि हे वायू पेट घेतात. आपल्याला दिसते ती ज्वाळा म्हणजे हे जळणारे वायू. चुलीत पुरेशी उष्णता किंवा पुरेशी हवा नसेल, तर हेच वायू न जळता बाहेर पडतात. त्यालाच आपण धूर म्हणतो.

म्हणजे धूर हे वाया गेलेलं सरपण आहे. धूर कमी करणं आणि लाकूड वाचवणं ही दोन वेगळी कामं नाहीत, एकच काम आहे. चुलीबद्दलचे बहुतेक सगळे उपाय या एका गोष्टीतून निघतात.

साध्या मातीच्या चुलीत जळणाऱ्या लाकडाची साधारण १० ते १५ टक्केच उष्णता भांड्यापर्यंत पोहोचते. बाकीची भिंतीत, हवेत आणि धुरात जाते.

सगळ्यात मोठा चोर: ओलं लाकूड

ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळपास निम्मं पाणी असू शकतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता लागते. ही उष्णता लाकडातूनच जाते. ओली बाभूळ चुलीत घातली की चूल आधी लाकूडच वाळवत बसते. आग थंड राहते आणि घरभर धूर होतो.

लाकूड तोडल्यावर लगेच फोडून ठेवावं. अख्खा ओंडका वर्षभरातही आतून ओलसर राहतो, फोडलेलं लाकूड मात्र मराठवाड्याच्या एका उन्हाळ्यात चांगलं वाळतं. वाळलेलं लाकूड ओळखायला यंत्र लागत नाही. टोकांना भेगा दिसतात, साल सुटू लागते आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले की 'टण्ण' असा कोरडा आवाज येतो. ओल्याचा आवाज बद्द येतो.

पावसाळ्यासाठीचं जळण मे महिन्यातच पत्र्याखाली हलवायला हवं, तेही विटांवर किंवा फळीवर उचलून. जमिनीला टेकलेला खालचा थर ओल धरतो. ढिगात विंचू आणि साप आसरा घेतात, त्यामुळे अंधारात हात घालू नये. आधी काठीने हलवावं.

पऱ्हाटी आणि तुराटी भुरभुर जळतात. भाकरीसाठी चांगल्या, पण सारख्या घालाव्या लागतात. डाळ शिजवायला बाभळीचं जाड लाकूड बरं, कारण त्याचा विस्तव टिकतो. पऱ्हाटीच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचे कोष पऱ्हाटीवरच्या बोंडांमध्ये टिकून राहतात, म्हणून हंगामानंतर पऱ्हाटीचे ढीग शेताजवळ साठवू नका, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. जळणासाठी ठेवायचीच असेल तर उरलेली बोंडं काढून नष्ट करावीत.

चूल गच्च भरू नका

आग मंदावली की आणखी दोन लाकडं कोंबायची, ही सवय उलटी पडते. तोंड गच्च भरलं की हवा आत जात नाही आणि धूर वाढतो. मग फुंकणीने फुंकायचं, म्हणजे तोंड थेट धुराजवळ न्यायचं.

त्यापेक्षा अंगठ्याइतक्या जाडीची तीन-चार लाकडं घ्यावीत, त्यांची टोकं मधोमध एकत्र येतील अशी ठेवावीत आणि जळतील तशी आत सरकवत राहावीत. फक्त टोकं जळली पाहिजेत. लाकडांखाली लोखंडी जाळी ठेवली तर हवा खालून येते आणि राखही खाली गळते. भंगारातली जुनी जाळी चालते, मात्र ती गॅल्वनाइज्ड नको, कारण जस्ताचा थर तापल्यावर त्रासदायक वायू सुटतात. सकाळी राख काढल्याशिवाय चूल पेटवू नये. साचलेली राख हवेची वाट अडवते.

भांडं चुलीवर टेकवायला तीन उंचवटे असतात. ते फार उंच असतील तर ज्वाळा बाजूने निसटते, फार बुटके असतील तर आग गुदमरते. भांड्याच्या बुडाखाली साधारण बोटभर फट पुरते. भांडं चुलीच्या तोंडापेक्षा रुंद असावं. मागच्या वैलावर पाण्याचं भांडं ठेवलं तर एरवी वाया जाणारी उष्णता कामी येते.

मग झाकण. एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ७५ किलोकॅलरी लागतात, तेवढंच पाणी वाफ करून उडवायला त्याच्या सातपट. डाळीला उकळी आली की जाळ कमी करावा. खळखळ उकळलं म्हणजे लवकर शिजतं असं नाही, कारण पाण्याचं तापमान उकळीच्या वर जातच नाही. (संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं.) डाळ रात्री भिजवली तर जळणाची बचत आणखी वाढते.

पिशवी, रॉकेल आणि फर्निचरचे तुकडे

चूल पेटवायला दुधाची पिशवी किंवा सायकलच्या ट्यूबचा तुकडा वापरणं ही घराघरांतली युक्ती. ती सोडायला हवी. प्लास्टिक आणि रबर जळताना निघणारा धूर लाकडाच्या धुरापेक्षा जास्त विषारी असतो आणि वर भाकरी भाजली जात असते. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड आणि शहरात सुताराकडे फुकट मिळणारे एमडीएफचे तुकडेही नकोत. त्यात गोंद आणि रसायनं असतात. कण्हेर विषारी झाड आहे, तिची लाकडं जाळू नयेत. पेटवायला वाळलेल्या काटक्या, नारळाची शेंडी किंवा गोवरीचा कोरडा तुकडा पुरतो. धगधगत्या किंवा विझत आलेल्या चुलीत रॉकेल ओतणं जिवावर बेतू शकतं, वाफेचा एकदम भडका उडतो.

धुराचा त्रास किती खरा?

व्हॉट्सॲपवर एक वाक्य फिरतं, 'चुलीवर स्वयंपाक म्हणजे तासाला ४०० सिगारेटी'. ही तुलना अमेरिकी संशोधक कर्क स्मिथ यांच्या नावाने ओळखली जाते. त्यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातच्या खेड्यांत चुलीच्या धुराचं मोजमाप केलं होतं. पण तुलना स्वयंपाकघरात ४०० सिगारेटी जळण्याशी आहे, ओढण्याशी नाही. फॉरवर्डमध्ये हा फरक हरवतो. धोका मात्र खोटा नाही. घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात ३२ लाख मृत्यू झाले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त बालकं होती. पुण्याचे श्वसनविकारतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी आणि ब्रिटनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं की, जगाचा विचार केला तर सीओपीडी या फुप्फुसाच्या आजारामागे चुलीसारख्या इंधनाचा धूर हेच सर्वांत मोठं कारण असू शकतं. कधीही बिडी न ओढलेल्या आजीचा जुनाट खोकला 'वयाचा' म्हणून सोडून देऊ नये, तो यासाठी. चूल पेटलेली असताना लहान मुलं आणि गरोदर बाई तिच्यापासून जितकी लांब, तितकं चांगलं.

धुराडं बसवलं की झालं?

नाही. केंद्र सरकारने १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि तो २००२ मध्ये बंद होईपर्यंत सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या अनेक पुढे वापरात राहिल्या नाहीत. ओडिशात अर्थतज्ज्ञ रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी धुराड्याच्या चुली मिळालेल्या घरांचा चार वर्षांपर्यंत पाठपुरावा केला. पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, नंतर फरक उरला नाही. दुरुस्ती आणि सफाई झाली नाही, वापरही घटत गेला.

म्हणून धुराडं असेल तर दर पंधरा-वीस दिवसांनी आतली काजळी झाडावी. साचलेली काजळी पेट घेऊ शकते. पाइप छपरापेक्षा किमान दोन फूट वर असावा, वर टोपी असावी आणि जिथे तो गवताच्या किंवा लाकडी छपरातून जातो तिथे भोवती मोकळी जागा किंवा मातीचा जाड लेप हवा. धुराडं नसेल तर चुलीच्या वर, छपराखाली हवेला वाट ठेवावी. दारासमोर खिडकी असेल तर धूर लवकर निघतो. जागा असेल तर चूल शेडमध्ये हलवणं यापेक्षा सोपं.

बाजारातून लोखंडी चूल घेताना आयएस १३१५२ या भारतीय मानकाचा उल्लेख आहे का, ते पाहावं. या मानकानुसार साध्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंखा लावलेल्या चुलीची किमान ३५ टक्के असावी लागते. पुण्याच्या 'आरती' या संस्थेनेही ग्रामीण घरांसाठी सुधारित चुली तयार केल्या आहेत.

धूर नाही म्हणजे धोका नाही?

इथे बहुतेकांची फसगत होते. डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात पारा १० अंशांच्या आसपास उतरला की निखाऱ्यांची शेगडी किंवा घमेलं खोलीत घेतलं जातं, दार-खिडकी लावली जाते. निखाऱ्यांना धूर नसतो, पण त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला जाग येण्याआधीच बेशुद्धी येते. न्हाणीघरात पेटता बंब ठेवून दार लावून अंघोळ करण्यातही हाच धोका आहे.

डोकं दुखणं, गरगरणं, मळमळ आणि एकाच खोलीतल्या सगळ्यांना एकदम त्रास होणं ही खूण. दारं-खिडक्या उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, १०८ ला फोन करा. कांदा हुंगवत बसू नका. झोपण्याआधी निखारे बाहेर काढणं एवढाच खात्रीचा उपाय आहे.

भाजल्यास जखमेवर २० मिनिटं साधं वाहतं पाणी, टूथपेस्ट किंवा बर्फ नाही. पदर खोचून, सुती कपड्यात बसावं. नायलॉनची साडी वितळून अंगाला चिकटते. कपड्याने पेट घेतला तर पळू नये, जमिनीवर लोळावं.

आणि राख. वरून थंड दिसली तरी तिच्यात निखारे कित्येक तास जिवंत राहतात. उन्हाळ्यात अशी राख उकिरड्यावर टाकली आणि वारा सुटला, तर शेजारची कडब्याची गंजी पेटायला वेळ लागत नाही. राख आधी पत्र्याच्या डब्यात काढावी, पाणी शिंपडावं आणि दुसऱ्या दिवशी टाकावी.