विणकाम खात्याचे दार

कामगारांच्या एकजुटीचा इतिहास सांगताना आपण संपांची वर्षे मोजतो. संप करणारे एका माठातले पाणी पीत होते काय, हे बहुधा कोणी विचारीत नाही. नगर जिल्ह्यातल्या ज्या घरांतून कोणी मुंबईच्या गिरण्यांत गेले, त्यांनी तरी हे विचारावे.

त्या गिरण्यांत अस्पृश्यांना सूतकताईच्या खात्यात काम मिळे. विणकाम खात्यात नाही. मजुरी अधिक होती ती विणकामाला. अडचण सांगत ती धोट्याची. कांडी संपली की नवी घालून धाग्याचे टोक तोंडाने ओढून धोट्याच्या भोकातून काढावे लागे. एकाचे ओठ लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार, म्हणून विटाळ! त्याच ओढीने सुताची कुसे छातीत जात, त्यांचा विटाळ मात्र कोणाला झाला नाही.

१९२८ साली सुमारे दीड लाख गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. संपाच्या मागण्यांत विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करण्याची मागणी नव्हती. पुढाऱ्यांत समाजवादाची पुस्तके वाचलेली माणसे होती, तरी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती घालायला लावली; नाही तर आपली माणसे संपात राहणार नाहीत, असे बजावले. पुढारी आढेवेढे घेत कबूल झाले. मालकांनी उत्तर दिले, की हा अन्याय असला तर तो आमचा नव्हे. मालकांना अशी फूट सोयीचीच होती, हे खरे. पण दार आतून लावणारे हात कामगारांचेच होते.

दहा वर्षांनी, फेब्रुवारी १९३८ मध्ये, नगरवरून जाणारा लोहमार्ग जेथे संपतो त्या मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. तेथे बाबासाहेबांनी रेल्वेचा हिशेब मांडला. अस्पृश्य माणूस जन्मभर गँगमन. त्याला पोर्टर करीत नाहीत, कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो, आणि घरात याचा स्पर्श चालत नाही. कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, असे ते म्हणाले. ब्राह्मणशाही म्हणजे एक जात नव्हे, समतेचा नकार, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले.

त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, संपाचा हक्क आवळणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध, स्वतंत्र मजूर पक्ष आणि लाल बावटेवाले मुंबईत एका व्यासपीठावर आले.