दोरी, बर्फ आणि आमची छोटी

मंडळी, बरेच दिवस इकडे फिरकलो नाही. कारण तसं खास काही नाही. घरातलं एक लग्न, शेताची कामं, आणि खरं सांगायचं तर थोडा आळस. आज लिहायला बसलोय ते आमच्या छोटीमुळे. छोटी म्हणजे ताईची धाकटी. वय वर्षं तेरा. दोरीचा मल्लखांब करते. नातेवाईक मंडळींना ती माहीतच आहे, बाकीच्यांना हळूहळू कळेल.

तर झालं असं. मागच्या महिन्यात तिची स्पर्धा होती. त्याआधी दोन महिने मी तिच्या मागे लागलो होतो. मी स्वतः शाळेत असताना पुरलेल्या मल्लखांबावर बऱ्यापैकी काम करायचो. अंगाला आणि खांबाला एरंडेल चोपडून दसरंग घ्यायचो. त्यामुळे आपल्याला यातलं कळतं असा माझा समज. छोटी दोरीवर चढली की प्रत्येक आसन घेताना हात कसा लांब काढते, मान कशी वळवते, पायाचा अंगठा कसा ताणते ते बघून मी म्हणायचो, "अगं, हा काय नाच आहे का? दमाचं काम कर. अवघड प्रकार टाक संचात. गुण त्याला मिळतात."

तिनं ऐकलं. सरांचं मन नव्हतं, तरी ऐकलं. एका वर्षात ती चार बोटं उंच झाली होती. आधी सहज यायचे ते प्रकार नव्या उंचीत बसत नव्हते, आणि त्यात ही नवी भर. स्पर्धेत तिसऱ्या प्रकाराला तिची पकड सुटली, दोरी मांडीवरून सरकन गेली. दोरी भाजते म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच कळेल. खाली उतरली, नमस्कार केला आणि थेट ताईजवळ जाऊन बसली. घरी येताना गाडीत एवढंच म्हणाली, "मामा, मला आता नाही करायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मोबाइल चाळत बसलो आणि कुठून कसा कोण जाणे, बर्फावरच्या स्केटिंगपाशी पोचलो. मुलींच्या फिगर स्केटिंगचे जुने व्हिडिओ. आता वैजापूरच्या माणसाचा बर्फाशी संबंध किती? उन्हाळ्यात रसवंतीवर येतो तेवढा. पण एक बघितला, दुसरा बघितला, मग महिनाभर वाचतच राहिलो. कारण आमच्या घरात जो वाद चालू होता तोच वाद तिथे सव्वाशे वर्षं चालू आहे. उडी मोठी की लय मोठी? ताकद की लालित्य?

सुरुवातच मजेशीर आहे. १९०२ साली लंडनला जागतिक स्पर्धा होती. बायकांनी भाग घेऊ नये असं नियमांत कुठे लिहिलंच नव्हतं, कारण कुणाच्या डोक्यातच ते आलं नव्हतं. मॅज सायर्स नावाच्या बाईंनी नाव दिलं आणि पुरुषांत दुसरा नंबर काढला. पहिला आला उलरिक साल्को, ज्याच्या नावाची उडी आजही मारतात. लगेच पुढच्या काळासाठी बायकांना बंदी! एक कारण असं देण्यात आलं की लांब झग्यामुळे पंचांना पाय दिसत नाहीत. मग १९०६ पासून बायकांची वेगळी स्पर्धा सुरू झाली.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या थेरेसा वेल्डनं तीच साल्को उडी मारली. पंचांनी तिला ताकीद दिली, की हे बाईमाणसाला शोभत नाही. तरी तिनं कांस्यपदक मिळवलं. हे वाचल्यावर मी क्षणभर थांबलो. म्हणजे एके काळी मुलीनं उडी मारली म्हणून बोलणी खावी लागत होती, आणि शंभर वर्षांनी मी छोटीला बोलत होतो ते ती पुरेशी अवघड कसरत करत नाही म्हणून. बोलणी खाणारी मात्र तीच.

पुढे बराच काळ बर्फावर ठरलेल्या आकृत्या कोरण्याला फार महत्त्व होतं. फिगर स्केटिंगमधलं 'फिगर' ते हेच. गोल, आठाचा आकडा, पुन्हा त्याच रेषेवरून जायचं, आणि पंच वाकून ती रेघ तपासायचे. १९७२ ला साप्पोरोला ऑस्ट्रियाची बेआट्रिक्स शूबा या आकृत्यांच्या जोरावर सुवर्ण घेऊन गेली. मुक्त सादरीकरणात ती सातवी होती! लोकांना आवडलेली जॅनेट लिन मात्र तिसरी. लिन गिरकी घेताना पडली, उठली आणि हसून पुढे चालू लागली. जपानी प्रेक्षक तिच्यावर फिदा झाले. टीव्हीवर बघणाऱ्याला आकृत्या कुठे दिसतात? त्याला दिसलं ते लिनचं काम, आणि निकाल काही त्याच्या पचनी पडेना. त्यानंतर आकृत्यांचं वजन कमी करत नेलं आणि १९९० नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून गेल्याच. उडीला मोकळं रान मिळालं.

ते रान सगळ्यात जोरात धावून घेतलं जपानच्या मिदोरी इतोनं. बुटकी, मजबूत पायांची मुलगी. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये काटारिना विट आणि डेबी थॉमस या दोघी 'कार्मेन'च्या संगीतावर एकमेकींशी झुंजत होत्या, त्याच रात्री इतोनं तिहेरी उड्यांचा सपाटा लावला. सुवर्ण विटला. इतो आकृत्यांत दहावी आल्यामुळे एकूण पाचवी. पुढच्याच वर्षी पॅरिसला तिनं ट्रिपल ॲक्सेल मारली, म्हणजे तोंड पुढे करून उडायचं आणि हवेत साडेतीन गिरक्या घ्यायच्या. जागतिक स्पर्धेत हे करणारी ती पहिली बाई, आणि त्या वर्षीची जगज्जेतीही तीच. तिला लोक 'उड्या मारणारी' म्हणत. पण मंडळी, तिची ती उडी बघा एकदा. ती वर जाते आणि जणू तिथेच क्षणभर थांबते. त्यात लालित्य नाही असं म्हणणाऱ्याचे डोळे तपासायला हवेत.

मग न्यायाचं काय? २००२ च्या सॉल्ट लेक ऑलिंपिकमध्ये जोड्यांच्या स्पर्धेत गुण देण्यावरून मोठा गोंधळ झाला, आणि २००४ पासून जुनी सहा गुणांची पद्धत मोडीत काढली. आता प्रत्येक उडीला ठरलेली किंमत, सफाईप्रमाणे वरखाली, शिवाय सादरीकरणाचे वेगळे गुण. सगळं कसं किराणा दुकानाच्या बिलासारखं मांडलेलं. २०१० ला व्हँकुव्हरला माओ आसादानं दोन दिवसांत तीन ट्रिपल ॲक्सेल मारल्या. युना किमनं एकही नाही. पण किमचा वेग, उडीत शिरणं, उडीतून बाहेर येऊन संगीतात मिसळणं, यात कुठेही सांधा दिसत नव्हता. किमला २२८.५६, आसादाला २०५.५०. त्या दिवशी नवी पद्धत शहाणी वाटली असेल.

पण बिल आलं की बिलातून पळवाट काढणारेही येतात. कार्यक्रमाच्या उत्तरार्धात मारलेल्या उडीला जादा दहा टक्के मिळत. कारण उघड आहे, दमलेल्या पायांनी उडणं अवघड. २०१८ ला पंधरा वर्षांच्या अलिना झागितोवानं सगळ्याच उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि एव्हगेनिया मेदवेदेवाला १.३१ गुणांनी मागे टाकलं. त्यात तिची चूक काहीच नाही, नियमाप्रमाणेच केलं. पण नंतर नियम बदलला, जादा गुण फक्त शेवटच्या काही उड्यांपुरते राहिले.

त्यानंतर चार गिरक्यांच्या उड्यांचा पूर आला. २०२२ ला बीजिंगमध्ये अलेक्सांद्रा ट्रुसोवानं एका कार्यक्रमात अशा पाच उड्या मारल्या आणि मुक्त सादरीकरणात पहिली आली. एकूणात सुवर्ण मात्र तिची सहकारी आन्ना शेरबाकोवा हिला. ट्रुसोवा रडत होती, चिडलेली होती. सुवर्ण जिंकलेली मुलगी एकटीच बसलेली. आणि पंधरा वर्षांची कामिला वालिएवा, उत्तेजक औषधाच्या प्रकरणात अडकलेली, पुन्हा पुन्हा पडत चौथी आली. (पुढे २०२४ मध्ये तिचा निकालही रद्द झाला.) तीन मुली, तिघींच्या चेहऱ्यावर आनंद नाही. तो व्हिडिओ मी पूर्ण बघू शकलो नाही. गाडीत मागे बसलेली छोटी आठवली.

चार गिरक्या घ्यायला अंग हलकं आणि अरुंद लागतं. मुलगी वाढते, कंबर रुंदावते, आणि हवेतली गिरकी मंदावते. म्हणून कोवळ्या वयातच सगळं उरकून घ्यायची घाई. २०२२ मध्येच ठरलं की मोठ्या गटाची वयोमर्यादा टप्प्याटप्प्यानं पंधरावरून सतरा करायची. २०२४-२५ च्या हंगामापासून ती पूर्ण लागू झाली.

याच गर्दीत काओरी साकामोतो होती. ट्रिपल ॲक्सेल नाही, चार गिरक्या नाहीत. पण वाऱ्यासारखा वेग आणि साध्या उड्यासुद्धा लांबच लांब. २०२२ ला ऑलिंपिक कांस्य, मग २०२२, २३ आणि २४, सलग तीन वर्षं जगज्जेती. आणि ॲलिसा लिऊ, जी चौदाव्या वर्षी चार गिरक्या मारायची. सोळाव्या वर्षी तिनं खेळच सोडला. दोन वर्षांनी परतली ती त्या मोठ्या उड्यांशिवाय, स्वतःला हवं तसं करायला. २०२५ ला बोस्टनला जगज्जेती झाली.

आता आपल्या अंगणात येऊ. मल्लखांब मुळात पैलवानाचा जोडीदार. बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'त त्याचा उल्लेख सापडतो. पेशवाईच्या शेवटी बाळंभटदादा देवधरांनी त्याला नवा जन्म दिला. तेव्हा प्रश्न एकच होता, कुस्तीत उपयोग काय? पकड घट्ट हवी, कंबर सुटी हवी. बघणारा कोणी पंच नव्हता. दोरीच्या आधी वेत होता, तसा वेत मिळेनासा झाला तेव्हा सुती दोरी आली, आणि ती मुलींनी आपलीशी केली. गाठ मारायची नाही, अंगठा आणि शेजारच्या बोटात दोरी धरायची, अंगाचेच वेढे. १९३६ ला अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक बर्लिनला गेलं, तिथेही ते प्रात्यक्षिकच होतं. राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र स्पर्धा आल्या त्या १९८१ पासून. २०१९ ला मुंबईत शिवाजी पार्कवर जागतिक स्पर्धा झाली, २०२१ चा अर्जुन पुरस्कार मल्लखांबासाठी हिमानी परब हिला मिळाला, २०२४ ला उदय देशपांडे सरांना पद्मश्री. अभिमान वाटतो. पण स्पर्धा आली की गुण येतात, गुण आले की माझ्यासारखा मामा येतो!

आपल्याकडे हा भेद नवा नाही. बैठकीची लावणी आणि फडावरची लावणी ऐकणाऱ्या-बघणाऱ्यांना विचारा. एकीत नजर आणि बोटं बोलतात, दुसरीत पायांनी फड हलतो. जाणकार त्यांना एका तराजूत घालत नाही. आणि फडावरची चांगली नाचणारी नजरेनं कमी बोलते असंही नाही.

एवढं सगळं वाचून मला समजलं ते इतकंच. मुलींनी नाजूकच दिसावं हा एक जुलूम होता, वेल्डला तो भोगावा लागला. अवघड तेवढंच खरं, बाकी सजावट, हा दुसरा. तो मी घरात केला. छोटीचा ताणलेला अंगठा सजावट नव्हताच. अंगठा ताणलेला असेल तर दोरी बोटांत बसते. मान वळवताना ती श्वास सोडत होती, तिथून पुढच्या वेढ्याला वेळ मिळत होता. मी ते काढायला लावलं आणि पकड सुटली. सरांना हे कळत होतं. मी त्यांना जाऊन तसं सांगितलंही. ते फक्त हसले.

परवा छोटीला मी इतो आणि किम, दोघी दाखवल्या. माफीही मागितली, जमेल तशी. तिनं दोन्ही दोन-दोनदा पाहिले. मग म्हणाली, "मामा, ती पहिली पडते तेव्हा पण किती उंचावरून पडते!" मी विचारलं, तुला कोण आवडली? म्हणाली, "ठरवलंच पाहिजे का?"

मल्लखांब सोडायचा की नाही हे तिनं अजून सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही. ताईनं मला तशी ताकीदच दिली आहे. काल संध्याकाळी शाळेच्या मैदानावरून येत होतो तर दोरीखाली तिच्या चपला दिसल्या. वर बघितलं नाही. पुढे निघून आलो.

असो. तुमच्या घरातही असं कोणी असेल, तर त्याला किंवा तिला काय सांगता, जरूर कळवा.