पुरवठा-साखळीच्या स्पर्धा : एका खेळाचा इतिहास

पोलाद भिलाईत तयार होते, असे सर्वजण म्हणतात. परंतु ते केवळ भिलाईत तयार होत नाही. त्याची सुरुवात दल्ली-राजहराच्या लोहखाणींत होते. नंदिनीचा चुनखडक, हिर्रीचे डोलोमाइट आणि दूरच्या खाणींतून व बंदरांतून येणारा कोकिंग कोळसा ही सारी सामग्री ठरल्या प्रमाणात व ठरल्या वेळी येऊन पोहोचते, तेव्हा कोठे झोतभट्टीतून लोहरस वाहू लागतो. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. तेव्हापासून या नगरीचे जीवन मालगाड्यांच्या येण्याजाण्याशी आणि तीन पाळ्यांच्या भोंग्यांशी बांधले गेले आहे.

झोतभट्टी ही घरची चूल नव्हे की मनात आले आणि विझवली. कोकभट्ट्यांच्या सिलिका विटा थंड झाल्या तर त्यांना तडे जातात. त्यामुळे कच्च्या मालाचा साठा हाताशी ठेवणे भाग असते. साठा फार झाला तर पैसा मातीत पडून राहतो; कमी झाला तर भट्टी उपाशी राहते. किती मागवावे, केव्हा मागवावे आणि वाटेत असलेल्या मालाचा हिशेब कसा धरावा, या प्रश्नांच्या शास्त्राला आज पुरवठा-साखळी व्यवस्थापन म्हणतात. सेक्टर १० मधील अनेक घरांनी हे शास्त्र पुस्तकात वाचण्यापूर्वी प्रत्यक्ष राबवले आहे. आज देशोदेशीचे विद्यार्थी तेच संगणकावरील सिम्युलेशनच्या, म्हणजे प्रत्यक्ष व्यवहाराच्या गणिती प्रतिकृतीच्या, साहाय्याने शिकतात आणि त्यात स्पर्धाही करतात. या स्पर्धांचा इतिहास रंजक आहे, आणि शाळेने विचारात घ्यावा असा एक प्रश्नही त्यात दडलेला आहे.

या इतिहासाचे एक टोक सोव्हिएत भूमीतच सापडते. १९३२ च्या सुमारास लेनिनग्राडमध्ये मेरी बिर्श्टाइन या विदुषीने टंकलेखन यंत्रांच्या एका नव्या कारखान्यासाठी उत्पादनाचा खेळ रचला. व्यवस्थापकांनी खऱ्या यंत्रांवर चुका करण्याऐवजी त्या कागदावर कराव्यात, हा त्यामागील हेतू. पुढे अमेरिकेत रँड या संशोधन संस्थेने १९५५ च्या सुमारास ‘मोनोपोलॉग्ज’ नावाचा खेळ सिद्ध केला. त्यात खेळणारा हवाई दलाच्या सुट्या भागांचा भांडारप्रमुख होई. कोणत्या तळावर कोणता भाग किती ठेवावा, हे त्याला ठरवावे लागे. हा पुरवठ्याचाच खेळ होता. १९५७ मध्ये अमेरिकन मॅनेजमेंट असोसिएशनने संगणकाच्या मदतीने चालणारा खेळ उपयोगात आणला. त्यात प्रतिस्पर्धी संघ आपापली कंपनी चालवीत आणि निर्णयांचे परिणाम यंत्र मोजून देई. आजच्या स्पर्धांचा साचा येथे तयार झाला.

तथापि, या विषयाला खरी दृष्टी दिली ती जे फॉरेस्टर यांनी. १९१८ मध्ये नेब्रास्का राज्यात जन्मलेले, गुरांच्या कुरणात वाढलेले हे अभियंता संगणकाच्या चुंबकीय स्मृतीच्या शोधामुळे ख्यातनाम झाले होते. १९५६ मध्ये ते एमआयटीच्या व्यवस्थापन विद्यालयात आले. जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्यापुढे एक कोडे ठेवले. केंटकी येथील घरगुती उपकरणांच्या कारखान्यांत कधी तीन पाळ्या चालत, तर काही वर्षांतच निम्म्या कामगारांना घरी बसावे लागे. बाजारातील चढउतार हे त्याचे कारण सांगितले जाई. फॉरेस्टर यांनी वही-पेन्सिल घेऊन आठवड्यामागून आठवडा मागणी, साठा व नेमणुका यांचे आकडे मांडले. ग्राहकांची मागणी स्थिर धरली तरी कारखान्याच्या स्वतःच्या नियमांमुळेच चढउतार निर्माण होतात, असे त्या वहीने दाखवले. कामगारांची नोकरी जात होती ती कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर निर्णय आणि त्याचे फळ यांमधील विलंब न ओळखल्याने. १९६१ मध्ये त्यांचा ‘इंडस्ट्रियल डायनॅमिक्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

याच विचारातून एमआयटीमध्ये जो खेळ जन्मला तो ‘बिअर गेम’ या नावाने ओळखला जातो. नावातील पेयाला महत्त्व नाही. त्या जागी बिस्किटांचे खोके ठेवले तरी खेळ तोच राहतो. किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना असे चार खेळाडू एका रांगेत बसतात. त्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही. केवळ मागणीची चिठ्ठी मागे पाठवायची आणि माल पुढे द्यायचा. चिठ्ठी पोहोचण्यास व माल येण्यास काही आठवडे लागतात. साठ्यातील प्रत्येक खोक्यामागे आठवड्याला अर्धा डॉलर खर्च आणि न पुरवलेल्या प्रत्येक खोक्यामागे एक डॉलर. ग्राहकाची मागणी पहिले चार आठवडे दर आठवड्यास चार खोकी असते. पाचव्या आठवड्यापासून ती आठ होते आणि पुढे अखेरपर्यंत आठच राहते. एवढासा बदल! परंतु तो मागे सरकत जाताना वाढत जातो. दुकानदार घाबरून थोडे अधिक मागवतो, व्यापारी त्याहून अधिक, आणि कारखान्यापर्यंत पूर येतो. काही आठवड्यांनी सर्वांकडे माल तुंबतो व मागणी शून्यावर येते.

जॉन स्टरमन यांनी १९८९ मध्ये या खेळाच्या अनेक डावांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम रीतीने खेळल्यास साखळीचा एकूण खर्च सुमारे २०४ डॉलर यायला हवा होता. संघांचा सरासरी खर्च आला २०२८ डॉलर, म्हणजे जवळजवळ दहापट. खेळ संपल्यावर ग्राहकाची मागणी कशी होती याचा आलेख काढण्यास खेळाडूंना सांगितले जाते. बहुतेकजण डोंगरदऱ्या काढतात. ती एक पायरी चढून सपाट राहिली होती, हे दाखवले की त्यांचा विश्वास बसत नाही. पुढे स्टॅनफर्डचे हाऊ ली आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये या घटनेची कारणे मांडली. हाताशी चाबकाची मूठ थोडी हलली तरी टोक मोठा फटकारा मारते, म्हणून तिला ‘बुलव्हिप’, चाबकाचा परिणाम, असे नाव रूढ झाले आहे. टंचाईच्या काळात गरजेहून अधिक मागणी नोंदवणे हे त्यांनी सांगितलेल्या चार कारणांपैकी एक. रेशनच्या रांगांचा काळ पाहिलेल्या पालकांना ते समजावून सांगण्याची गरज नाही.

संगणक स्वस्त झाले, जाळ्यात गुंफले गेले, आणि चिठ्ठ्यांची जागा पडद्याने घेतली. स्टॅनफर्ड येथे सुनील कुमार व सॅम्युएल वुड यांनी विकसित केलेला ‘लिटलफील्ड’ हा आभासी कारखाना अहोरात्र चालतो. विद्यार्थी झोपले तरी तेथे ऑर्डरी येत राहतात. नेदरलँड्समध्ये तयार झालेल्या ‘द फ्रेश कनेक्शन’ या खेळात तोट्यातील फळरस कंपनी चौघांच्या हाती दिली जाते. खरेदी, उत्पादन, विक्री व पुरवठा-साखळी अशी चार खाती आणि सर्वांची मिळून एकच कसोटी, ती म्हणजे गुंतवणुकीवरील परतावा. भारतात ऑल इंडिया मॅनेजमेंट असोसिएशन ‘चाणक्य’ नावाच्या सिम्युलेशनवर व्यवस्थापनाच्या स्पर्धा घेते. त्यात विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र विभाग आहे. भिलाईशी विशेष नाते सांगणारी स्पर्धा म्हणजे वर्ल्ड स्टील असोसिएशनची ‘स्टील चॅलेंज’. त्यात जगभरचे विद्यार्थी व तरुण अभियंते चोवीस तासांच्या मुदतीत, ठरवून दिलेल्या प्रतीचे पोलाद कमीत कमी खर्चात आभासी भट्टीवर तयार करतात. ती धातुशास्त्राची स्पर्धा असली तरी वेळ, माल व खर्च यांचा तोल तेथेही साधावा लागतो.

आता तो प्रश्न. शाळेतील स्पर्धा बहुधा एकेकट्याची असते. एकाचा क्रमांक वर जातो तो दुसऱ्याचा खाली गेल्याने. पुरवठा-साखळीच्या खेळात संघ संघाशी झुंजतो खरा, परंतु संघाच्या आत गुण एकच असतात. चौघांचा खर्च एकत्र मिळवला जातो. ज्याने आपले भांडार तेवढे नीटनेटके ठेवले आणि शेजाऱ्यास अडचणीत टाकले, तो आपल्यासह सर्वांना हरवतो. शिवाय डाव बिघडला की प्रत्येकजण शेजाऱ्याकडे बोट दाखवतो. पण माणसे बदलून पुन्हा खेळले तरी चित्र बहुधा तेच उमटते. दोष माणसापेक्षा रचनेत आणि दडवलेल्या माहितीत शोधावा, ही शिकवण खेळानंतरच्या चर्चेत मिळते. त्या चर्चेविना ढाल घेऊन परतणारा विद्यार्थी सॉफ्टवेअर शिकलेला असतो, साखळी नव्हे.

सॉफ्टवेअरची मर्यादाही ध्यानी घ्यावी लागते. न पोहोचलेल्या खोक्याचा दंड खेळात एक डॉलर असतो. जीवनात तो तसा ठरवता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत हे सर्व देशाने अनुभवले. भिलाईसह देशातील पोलाद कारखाने द्रवरूप प्राणवायू रुग्णालयांसाठी देत होते. अडचण मोठ्या प्रमाणात होती ती वाहतुकीची. उणे १८३ अंशांवरचा हा द्रव नेणारे टँकर थोडे आणि अंतरे लांब. १९ एप्रिल रोजी नवी मुंबईजवळच्या कळंबोलीहून सात रिकामे टँकर घेऊन पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस विशाखापट्टणमकडे निघाली. पुलांची आणि विजेच्या तारांची उंची मोजून, ३,३२० मिलिमीटर उंचीचेच टँकर वाघिणींवर चढवले गेले होते. भरलेले टँकर २३ व २४ एप्रिलला नागपूर व नाशिक येथे पोहोचले. त्याच दिवसांत भीतीपोटी घरोघरी सिलिंडर साठवण्याची धावपळही चालू होती. चाबकाचा फटकारा या वेळी आलेखावर उमटत नव्हता, तो रुग्णशय्येपर्यंत पोहोचत होता.

स्टरमन यांच्या अभ्यासातील एक बारकावा येथे नमूद करण्याजोगा आहे. खेळ पन्नास आठवडे चालेल असे खेळाडूंना सांगितले जाई, पण तो छत्तिसाव्या आठवड्यात थांबवला जाई. कारण शेवटचा आठवडा ठाऊक असला की खेळाडू उद्याची चिंता सोडतात, भांडार रिकामे करतात आणि जमाखर्च तेवढा सजवतात. कारखान्याला, नगरीला आणि शाळेला असा शेवटचा आठवडा नसतो. साठ वर्षांत प्रत्येक तुकडीने आधीच्यांकडून घेतले आणि नंतरच्यांसाठी ठेवले, म्हणून हा हीरक महोत्सव साजरा होत आहे. उद्याच्या विद्यार्थ्यांनी संगणकावरील या स्पर्धांत अवश्य उतरावे, जिंकावेही. मात्र घरी परतल्यावर त्यांना दोन प्रश्न जरूर विचारले जावेत : साखळीतील शेजाऱ्याला काय कळवले होते, आणि पुढच्या आठवड्यासाठी काय शिल्लक ठेवले होते?